टेलला पाणी पोचेना

मिरजेच्या डॉक्टरांनी केसपेपरवर दोन अक्षरं लिहिली आणि म्हणाले, “ईडी.” मी म्हटलं, “डॉक्टर, माझ्याकडे ईडी यावी एवढी माझी ऐपत नाही.” हा विनोद त्यांनी आधी शंभरदा ऐकला असणार, तरी ते हसले आणि माझे खांदे जरा सैल पडले. त्यांची ईडी म्हणजे इरेक्टाइल डिस्फंक्शन, लिंगाला ताठरता न येणं. त्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत सव्वादोन वर्षं, पुण्याच्या सात फेऱ्या आणि १,३४,००० रुपये खर्ची पडले होते.

मी पाटबंधारे खात्यात आहे. खात्याचं नाव जलसंपदा झालं त्याला जमाना झाला, पण कालव्यावर आम्ही अजून पाटबंधारेवालेच. वय ५१, राहायला कराड. साखर नऊ वर्षांपासून, बीपी पाच वर्षांपासून. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघं.

हे अमुक दिवशी सुरू झालं असं सांगता येत नाही. आधी कधीतरी अर्ध्यातच सगळं ओसरायचं. मग ते ‘कधीतरी’ वाढत गेलं. सकाळी जाग येताना जी ताठरता असायची, जिच्याकडे पस्तीस वर्षांत कधी लक्षही दिलं नव्हतं, ती नाही हे एक दिवस ध्यानात आलं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. कारणं माझ्याकडे तयारच होती. उन्हाळी आवर्तन चालू आहे, मार्चअखेरची बिलं आहेत, झोप होत नाही. रात्री बातम्या बघत साडेअकरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसायचं, ही झोपली की आत जायचं. हिने एकदाच विचारलं, “माझं काही चुकतंय का?” मी म्हटलं, “छे, थकवा.” त्यानंतर वर्षभर हा विषय निघाला नाही.

या काळात केलेले उद्योग थोडक्यात सांगतो. साताऱ्याला जाऊन, ओळखीचं कुणी नाही अशा मेडिकलमधून ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिल घेतली. चिठ्ठीशिवाय. मटणाचं जेवण करून शंभर मिलिग्रॅमची गोळी टाकली. चेहरा लाल झाला, डोकं रात्रभर ठणकलं, बाकी सगळं थंड. म्हणजे गोळ्यासुद्धा माझ्यावर चालत नाहीत, असा निकाल मीच लावून टाकला. तेलकट-तुपकट जेवणावर ही गोळी उशिरा आणि कमी लागू पडते, आणि गोळी घेऊन नुसतं छताकडे बघत पडलं तर काहीच होत नाही, हे मला फार पुढे कळलं. शिलाजीत झालं, अश्वगंधाचं चूर्ण झालं. रेल्वेलाइनच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्यांकडे मात्र गेलो नाही; इंजिनिअर माणूस, तेवढा गर्व होता. असल्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे, लैंगिक दुर्बलता त्याच्या यादीत नाव घेऊन लिहिलेली आहे, आणि भिंती अजून रंगतातच.

मग मोबाईलवर ती जाहिरात आली. भिंतीवरची नव्हे, चकचकीत. पांढरा कोट, निळा उजेड, फिरणाऱ्या पेशींचं चित्र. ‘रीजनरेटिव्ह सेल थेरपी. तुमच्याच पेशी, तुमचाच इलाज.’ भिंत आणि मोबाईल यांत फरक तो काय, हे आज विचारतो. तेव्हा वाटलं, हे सायन्स आहे.

क्लिनिक पुण्यात, काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. सोफा, कॉफी, मंद संगीत. पाटी अशी बेताची की बाहेरून केसांचं आहे की दातांचं ते कळू नये. समोर टाय लावलेला तिशीतला मुलगा बसला, ‘काउन्सेलर’. त्याने माझं ४० मिनिटं ऐकून घेतलं. हे सांगताना आजही त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. माझे शुगरचे डॉक्टर नऊ वर्षं तपासताहेत. तळपायाला सुई टोचून विचारतात, जाणवतं का. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला पाठवतात. डोळे आणि पाय यांच्या मधलं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. या पोराने विचारलं. मान खाली घालून मी सगळं बोललो, आणि तो म्हणाला, “सर, हे खूप कॉमन आहे.” त्या एका वाक्यावर मी पैसे भरले असते. भरलेच.

त्याने समजावलं ते सगळंच खोटं होतं असं नाही. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. लिंगातला स्पंजसारखा मऊ स्नायू ताठर होत जातो आणि रक्त भरून घेत नाही. गोळ्या तात्पुरतं रक्त आणतात, मूळ दुरुस्ती करत नाहीत. पेशी किंवा रक्तातले वाढीचे घटक तिथे सोडले तर नव्या वाहिन्या फुटतात, नसा सुधारतात. मधुमेही उंदरांवर हे पुष्कळ प्रयोगांत दिसलंही आहे. उंदीर हा शब्द तेवढा त्याने वगळला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गाळाने भरलेला कालवा आणि त्यातून निघणाऱ्या नव्या चाऱ्या उभ्या राहिल्या.

आधी ‘पी-शॉट’, म्हणजे पीआरपी, आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश काढून तिथे टोचायचा. एका वेळचे २८,०००, असे तीन. मग गरज पडली तर स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. माझ्याकडून एक कागद भरून घेतला. पाच प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण. २२ किंवा वर ठीक, सात किंवा खाली गंभीर. माझे नऊ आले.

पहिल्या शॉटच्या दिवशी आधी मलम लावून वर पट्टी गुंडाळली, बधिर व्हायला. तसाच अंगावर हिरवा कपडा घेऊन पाऊण तास पडून राहिलो. दरम्यान दंडातून रक्त काढलं, निळ्या बुचाच्या चार नळ्या. त्या एका लहानशा यंत्रात घालून गरगर फिरवल्या. मिक्सरचा असतो तसाच आवाज, फक्त लांबवर. नळ्या बाहेर आल्या तेव्हा खाली लाल साका आणि वर ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी. नर्सने ती नळी उजेडाकडे धरून दाखवली, “सर, हे तुमचं गोल्ड.” मला ते पाणी बघून खरंच भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मुळाशी रबरी बँड, इन्शुलिनच्या सुईसारख्या बारीक सुया, दोन्ही बाजूंना दोन-दोन. दुखलं नाही, कुणीतरी बोटाने दाबतंय एवढंच. घरी जाताना हाताने हवा ओढायचा एक प्लॅस्टिकचा पंप दिला, रोज दहा मिनिटं. तो पंप मी ऑफिसच्या कपाटात, लेव्हलिंगच्या उपकरणाच्या रिकाम्या पेटीत ठेवला. घरी न्यायची छाती नव्हती.

महिन्याने परत तोच कागद. टायवाला मुलगा प्रत्येक प्रश्नाला पेन अधांतरी धरून विचारायचा, “सर, इथे तीन म्हणू या ना?” मी म्हणायचो, म्हणा. नऊचे तेरा झाले. लगेच संगणकावर आलेख काढून दाखवला. आणि मला वाटतही होतं. दोन सकाळी काहीतरी हालचाल जाणवली होती, चालण्यात रुबाब आला होता. तिसऱ्या शॉटनंतर दीड महिन्याने सगळं पूर्वपदावर. घरी स्वतःशी प्रामाणिकपणे कागद भरला तर दहा.

“म्हणजे तुमची केस स्टेम सेलची आहे,” क्लिनिक म्हणालं. पॅकेज २,७५,०००. पेशी पोटाच्या चरबीतून नाही, नाळेतून काढलेल्या, “जास्त ताज्या, जास्त पॉवरफुल.” मी ५०,००० आगाऊ दिले. तुमच्याच पेशी, तुमचाच इलाज, ही जाहिरात मधल्या मध्ये कुठे गेली हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. नाळ कुणाची, हेही विचारलं नाही.

सही करायला इंग्रजीतला अकरा पानी कागद दिला. तो मी वाचला, आणि हे एकच शहाणपण माझ्या खात्यावर जमा आहे. टेंडरचे कागद वाचायची सवय. आठव्या पानाशिवाय खरं काही लिहिलेलं नसतं हे माहीत. आठव्या पानावर होतं, ही प्रक्रिया ‘इन्व्हेस्टिगेशनल’ असून परिणामाची हमी नाही. म्हणजे प्रायोगिक. मग मला एकदम चमकलं. बावीस वर्षांच्या नोकरीत प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता असल्याशिवाय मी चारीवर एक मीटर काँक्रीट पडू दिलेलं नाही, आणि स्वतःच्या अंगात तीनदा सुया घालून घेताना मान्यतेचं पत्र मागितलं नव्हतं.

मागितलं. आधी त्यांनी आयएसओचं प्रमाणपत्र दाखवलं. आयएसओ आमच्याकडच्या तहसील कचेरीलाही आहे. मग म्हणाले, परदेशात चालतं. मग म्हणाले, सर, तुम्ही फार विचार करता, तोच तुमचा प्रॉब्लेम आहे. शेवटी मोठे डॉक्टर फोनवर आले: “प्रयोग असला तर परवानगी लागते. हे आपण ट्रीटमेंट म्हणून देतो.” म्हणजे कागदावर प्रयोग आणि बिलावर उपचार.

घरी येऊन दोन रात्री शोधत बसलो. माणसांवरच्या औषधप्रयोगांची आपल्या देशात नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची, २००७ पासून. कुणालाही फुकट बघता येते. त्यात त्या क्लिनिकच्या नावाने काही नव्हतं. २०१७ ची आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं सापडली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं रोपण, तेवढं मान्य उपचार, बाकी सगळा स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर प्रयोगातच. २०१९ च्या औषधविषयक नियमांत तर मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन हे ‘नवं औषध’ धरलं आहे, म्हणजे परवानगी दिल्लीहून. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. मी २,७५,००० देऊन उंदीर व्हायला निघालो होतो.

पुढचं पाऊल काय उचलावं याचा विचार करत होतो तेवढ्यात ते दुसऱ्या कुणीतरी उचललं. क्लिनिकच्या फॉर्मवर ‘पर्यायी नंबर’ असा रकाना होता, तिथे मी सवयीने हिचा नंबर टाकला होता. रविवारी दुपारी ही भाजी निवडत बसली होती, फोन आला. पलीकडून गोड आवाज: “सरांच्या शॉटचा फॉलोअप राहिलाय.” हिने फोन हातात धरूनच मला विचारलं, “अहो, कसला शॉट? कुत्रं चावलं का तुम्हाला?”

कालव्यावर फिरणारा माणूस, कुत्रं चावणं अगदी शक्य. हो म्हणायचा मोह झाला होता.

मी बसलो आणि सांगितलं. सगळं, पंपासकट. ही मेथीची पानं खुडत ऐकत राहिली. जुडी संपली तरी नुसत्या काड्या मोडत होती. मला वाटलं आता पैशांवरून बोलेल. ती म्हणाली, “सव्वादोन वर्षं मला वाटत होतं, तुमचं बाहेर कुठेतरी काही आहे. नाहीतर मी नकोशी झाले.” मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाली, “लेव्हलच्या पेटीत?” आणि हसायला लागली. हसता हसता रडली.

मिरजेचे डॉक्टर तिनेच शोधले. ती शाळेत शिकवते. तिथल्या एका बाईंच्या यजमानांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं. मूत्रविकाराचे डॉक्टर. या दुखण्यासाठी तिथे जायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला चमत्कारिक वाटला. “जिना चढताना दम लागतो? छातीत भरल्यासारखं?” मी म्हटलं, डॉक्टर, माझं दुखणं बरंच खाली आहे. ते म्हणाले, “खालचंच विचारतोय. हृदयाच्या रक्तवाहिन्या तीन-चार मिलिमीटरच्या असतात, तिथल्या एक-दोन मिलिमीटरच्या. चरबी सगळीकडे सारखीच साचते. आधी कुठली तुंबेल?”

हे मला कुणी शिकवायला नको होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणतो. खोडशीच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की वरच्या लोकांची पिकं भिजतात, आणि टेलचा शेतकरी ऑफिसात येऊन शिव्या देतो, पाणी पोचलं नाही म्हणून. नवखा इंजिनिअर टेलच्या चारीवर जाऊन गवत काढतो. जुना माणूस गाडी काढून वरती जातो आणि बघतो, कुठे गाळ आहे, कुठे भराव पाझरतोय, कुणी मोटार टाकली आहे. मी दोन वर्षं टेलला गवत काढत होतो, २८,००० रुपये खेपेने.

ताठरता जाऊ लागल्यानंतर दोन ते पाच वर्षांत हृदयाचा त्रास उघड होतो असं पुष्कळांत आढळतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मनात बोटं मोजली.

तपासण्या झाल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४. सकाळी काढलेलं टेस्टोस्टेरॉन ४१२, म्हणजे ठीक. उगाच हार्मोनची इंजेक्शनं नकोत. बीपीची गोळी अॅटेनोलॉल, तिच्यानेही हे होऊ शकतं. ती आपल्या आपण बंद करायची नाही, फिजिशियनने बदलून दिली. आणि मग डॉप्लर.

डॉप्लरबद्दल कुणी मोकळेपणी सांगत नाही, म्हणून सांगतो. लिंगात पापाव्हेरिनचं एक इंजेक्शन देतात, त्याने रक्तवाहिन्या उघडतात, आणि मग सोनोग्राफीच्या यंत्राने रक्त किती वेगाने आत येतं ते मोजतात. खोलीत डॉक्टर, एक सिस्टर आणि मी. पाच मिनिटं काही नाही. दहाव्या मिनिटाला मी खाली बघितलं आणि बघतच राहिलो. पूर्ण नाही, पण दोन वर्षांत पाहिलं नव्हतं एवढं. सकाळचे अकरा वाजलेले, भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता, सिस्टर आकडे लिहून घेताहेत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, “मशिनरी जिवंत आहे.” उजवीकडे सेकंदाला २४ सेंटिमीटर, डावीकडे २७. पंचवीसच्या खाली म्हणजे पुरवठा कमी, पस्तीसच्या वर चांगला. आलेलं रक्त निसटून जातं का तेही बघतात. ते माझं बरं होतं. पाणी सोडणं एक काम आणि धरून ठेवणं दुसरं. माझं गेट शाबूत, आवक कमी.

यानंतर घरी लगेच सोडत नाहीत. चार तासांपेक्षा जास्त तसंच राहिलं तर ती इमर्जन्सी असते, धावत परत यायचं. मी मांडीवर पेपर पसरून दोन तास बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारच्या आजोबांनी मधलं पान मागितलं. मी म्हटलं, वाचतोय अजून.

हृदयाची स्ट्रेस टेस्ट शंकास्पद आली, म्हणून सीटी अँजिओग्राफी. एका वाहिनीत चाळीस-पन्नास टक्के अरुंद झालेलं. स्टेंट नको, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. हृदयाच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर रोज पाच मिलिग्रॅम टॅडालाफिल, सिल्डेनाफिलच्याच जातीची गोळी, आणि एक गोष्ट दोघांनीही मला म्हणून दाखवायला लावली: छातीत दुखलं तर कुणी प्रेमाने सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला दिली तरी घ्यायची नाही, आधी सांगायचं की ही गोळी चालू आहे. दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं. ही जाऊन ते वाक्य मराठीत लिहून माझ्या पाकिटात घालून आली. साताऱ्याहून चोरून आणलेल्या गोळीबरोबर हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, मी तोंड लपवून पळालो होतो.

पीआरपीबद्दल मी विचारलंच. डॉक्टरांनी क्लिनिकला शिव्या दिल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, ग्रीसमध्ये ६० माणसांवर प्रयोग झाला, २०२१ साली छापून आला. सहा महिन्यांनी पीआरपीवाल्यांतल्या ६९ टक्क्यांना फरक वाटला, नुसतं सलाइन टोचलेल्यांतल्या २७ टक्क्यांना. मग मायामी विद्यापीठाने ६१ जणांवर केला, २०२३. तिथे महिन्याभराने पीआरपीवाले ५८ टक्के, सलाइनवाले ५४. म्हणजे फरक नाहीच. “तुमच्या त्या दोन सकाळी त्या चोपन्नातल्या असतील,” ते म्हणाले. मनावर चालणारा अवयव, त्याला पाण्यानेही आशा लागते.

आणि स्टेम सेल? दक्षिण कोरियात २०१० साली नाळेच्या रक्तातल्या पेशी सात मधुमेही माणसांना दिल्या. सातांपैकी सहा जणांची सकाळची ताठरता तीन महिन्यांत परत आली, पण गोळीच्या मदतीशिवाय संबंध जमेना. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला २०१६ च्या सुमारास प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या सतरा जणांना त्यांच्याच चरबीतल्या पेशी दिल्या, आठ जणांना जमलं. या डेन्मार्कच्या प्रयोगात तुलनेला सलाइनवाला गट नव्हता. सुरक्षित दिसतं, आशा आहे, पण सात आणि सतरा माणसांवर दुकान थाटायचं नसतं. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्टेम सेल आणि पीआरपी दोन्ही प्रायोगिकच धरले आहेत. “उद्या खरंच चालेल, आणि मीच तुम्हाला फोन करीन,” डॉक्टर म्हणाले. “आज साखर खाली आणा.”

गोळीने जादू झाली नाही. पहिला महिना पाठ दुखली, अॅसिडिटी झाली. साखर ७.३ वर यायला सात महिने लागले. पहाटे कालव्याच्या रस्त्याने चार किलोमीटर, भात एका वेळी. चाळीस दिवसांनी एकदा जमलं, मग तीनदा नाही, मग परत जमलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की परीक्षा द्यायला बसल्यासारखं बसू नका. हे सांगायला सोपं. तोच पंप पुढे रीतसर कामाला आला, बरोबरच्या रिंगसकट, आणि आता तो घरीच असतो. हिने त्यासाठी आधी एक कापडी पिशवी शिवली, मग नको म्हणाली, पिशवीने उलट जास्त विचित्र दिसतं.

आगाऊ भरलेले ५०,००० परत मिळाले नाहीत. क्लिनिकने ‘इतर सेवांसाठी वापरा’ म्हटलं. केस लावून घ्या, चेहऱ्याला करून घ्या. ग्राहक आयोगात जावं असं ही म्हणत होती. तिथे अर्जावर नाव लागतं, सुनावणीला पुकारा होतो. मी गेलो नाही. ते लोक हे ओळखूनच धंदा करतात, आणि माझ्यासारखे न गेल्यामुळे तो चालतो, हे मला कळतं. कळून गेलो नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज येतो. दिवाळीला वीस टक्के सूट होती.

मागच्या महिन्यात मिरजेला दाखवायला गेलो, यावेळी दोघं. कोयना एक्स्प्रेस नेहमीप्रमाणे उशिरा. डॉक्टरांनी परत तोच पाच प्रश्नांचा कागद काढला. पहिला प्रश्न, गेल्या सहा महिन्यांत स्वतःबद्दल खात्री किती वाटते. मी जरा थांबून म्हटलं, “तीन.”

ही पर्समध्ये परतीचं तिकीट शोधत होती. मान वर न करताच म्हणाली, “चार लिहा, डॉक्टर.”